दुचाकीच्या नुकसानीचा पंचनामा

१९८७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. थोरल्या बंधूंची येझदी मोटारसायकल एका मालट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. ते स्वतः गुडघ्याच्या खरचटण्यावर निभावले, पण गाडीचे पुढचे चाक तिरके झाले, दिव्याची काच फुटली आणि हँडल एका बाजूला झुकले. विमा होता. त्यामुळे गाडी नाना पेठेतल्या एका बोळात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेऊन ठेवली आणि विमा कंपनीचे सर्व्हेअर येईपर्यंत तिला कुणी पाना लावायचा नाही असे ठरले. ते आले तिसऱ्या दिवशी. त्यांच्यासमक्ष मिस्त्रींनी चाक काढले, फोर्कच्या दोन्ही नळ्या सोडवून रॉकेलच्या फडक्याने पुसल्या आणि फळीवर ठेवलेल्या जाड काचेच्या तुकड्यावर एकेक नळी हलक्या हाताने लोळवली. उजवी नळी काचेच्या कडेपर्यंत बिनबोभाट गेली. डावी मात्र प्रत्येक फेऱ्याला मध्येच उचलली जाई आणि तिच्याखालून उजेडाची केसाएवढी रेघ दिसे. सर्व्हेअर उकिडवे बसून ती रेघ पाहत होते. “साहेब, प्रेसवर घालून सरळ करून देईन, पण हमी नाही देणार,” मिस्त्री म्हणाले. “मग बदला. जुनी नळी मात्र टाकू नका, बिल पास होईपर्यंत इथेच राहू द्या,” असे म्हणून त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. डावी बदलायची, उजवी ठेवायची. दाव्याचा निकाल जवळजवळ तेथेच लागला. पुढचे सारे कागद त्या दोन ओळींचा विस्तार होता.

अपघातात मोडलेली दुचाकी विम्याच्या पैशाने दुरुस्त करून घेणे हा आज इतका नित्याचा व्यवहार झाला आहे की त्याला इतिहास असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. परंतु त्या बोळात जी तीन माणसे काचेच्या तुकड्याभोवती बसली होती, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मागे एक निराळी आणि दीर्घ परंपरा उभी होती, आणि त्या परंपरा एकत्र येण्यास बराच काळ जावा लागला, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

‘विमा’ या शब्दाचे मूळ फारसी ‘बीम’, म्हणजे भय, या शब्दाशी जोडतात. शब्द यावनी असला तरी कल्पना आपल्याकडे त्याहून पुरातन आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत अरण्यमार्गे व्यापारास जाणाऱ्या ऋणकोकडून शेकडा दहा आणि समुद्रमार्गे जाणाऱ्याकडून शेकडा वीस व्याज घ्यावे असे सांगितले आहे; हा वाढीव दर म्हणजे धनकोने अंगावर घेतलेल्या धोक्याचे मोलच होय. पुढे पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात जोखमी हुंडी रूढ झाली, जिचे पैसे माल सुखरूप बंदरास लागला तरच देय होत. घाटावर हुंडेकरी असत. मालाचे भाडे आणि वाटेतल्या नाक्यांवरची जकात मिळून एक ठोक रक्कम ठरवून ते माल पोचता करीत. मालधन्याने आपली अनिश्चितता ठराविक रकमेला दुसऱ्याच्या गळ्यात घालावी, ही रीत महाराष्ट्राला अशी अंगवळणी पडलेली होती. आणि नुकसान झालेच, तर ते किती हे ठरविण्यासाठी चार विश्वासाच्या माणसांनी जागेवर जाऊन पाहावे आणि पाहिले ते लिहून त्याखाली सह्या कराव्यात, ही पंचनाम्याची चालही आपल्या मुलखात घरोघर ठाऊक होती. सर्व्हेअर हा इंग्रजी शिक्क्याचा मनुष्य खरा. पण त्याचे काम पंचाचे आहे, आणि ते काम चोख झाले नाही तर पुढची सारी आकडेमोड फोल ठरते, असे माझे ठाम मत आहे.

मोटारगाड्या मुंबईत आल्या त्या १८९८ च्या सुमारास. त्यांच्यासाठी १९१४ साली जो पहिला अखिल भारतीय कायदा झाला, त्यात विम्याची सक्ती नव्हती. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी मुंबईत न्यू इंडिया कंपनी स्थापन केली, इतरही देशी-विदेशी कंपन्या होत्या; पण मोटारीचा विमा हा तोवर मालकाच्या ऐपतीचा आणि मर्जीचा प्रश्न होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचे प्रकरण प्रथम घातले, आणि तेही प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ रोजी.

येथे एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती न कळल्यामुळे आजही कित्येकांची ऐन वेळी फजिती होते. त्या कायद्याला काळजी होती ती रस्त्याने पायी चालणाऱ्याची, गाडीच्या मालकाची नव्हे. ज्याला धक्का लागला, ज्याच्या घरचा कर्ता गेला, त्याला भरपाई देण्याइतका पैसा गाडीवाल्यापाशी नसला तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे, या चिंतेतून ही सक्ती जन्मली, आणि ती अत्यंत न्याय्य होती. १९८८ च्या कायद्यानेही तीच पुढे चालविली. परंतु आपल्या स्वतःच्या गाडीचे मडगार्ड चेपले तर त्याचा खर्च कोणी द्यावा, याविषयी कायदा तेव्हाही काही बोलला नाही आणि आजही बोलत नाही. तो सर्वस्वी मालक आणि कंपनी यांच्यातील स्वेच्छेचा करार आहे. लोकांच्या बोलीत नुसत्या सक्तीच्या विम्याला ‘थर्ड पार्टी’ आणि हा करारही जोडलेला असला तर ‘फुल इन्शुरन्स’ असे म्हणतात. शेदोनशे रुपये वाचावेत म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने पहिला प्रकार घेतलेला, आणि ‘माझा विमा आहे की’ असे म्हणत मोडकी गाडी ढकलत आणणारा तरुण मी त्या बोळात एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. त्याला वस्तुस्थिती सांगण्याचे काम मिस्त्रींवर येई, आणि ते त्यांना मनापासून जड जात असे.

दुचाक्यांचे खरे युग स्वातंत्र्यानंतरचे. मद्रासेत १९५५ मध्ये एनफील्डची जुळणी सुरू झाली, म्हैसूरला १९६१ पासून जावा बनू लागली, त्याच सुमारास आकुर्डीला बजाजचा कारखाना उभा राहिला, आणि १९७२ साली चेतक निघाली. सायकलींच्या पुण्याने हळूहळू सायकल भिंतीला टेकवली. ज्या कारागिरांनी हयातभर सायकलीचे चिमटे सरळ केले होते, चाकांचे आऊट काढले होते, त्यांच्यातले पुष्कळजण किंवा त्यांची मुले स्कूटर-मोटारसायकलींकडे वळली. त्यांच्या हाताला एक शिस्त परिस्थितीनेही लावली होती: स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, सुटे भाग दुर्मीळ असत, आणि म्हणून मोडलेली वस्तू टाकून नवी आणणे हा विचारच कुणाच्या मनात पहिल्याने येत नसे. चेतकचे अंग पोलादी पत्र्याचे होते. आतून डॉलीचा आधार देऊन बाहेरून हातोडीचे बेताचे घाव घालीत चेपलेला पत्रा पूर्ववत आणायचा, राहिलेल्या उंचसखल जागी लांबी भरायची, ती वाळली की पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायची, मग अस्तर आणि मग रंग, असा तो क्रम असे. आणि उत्तम कारागिराचे काम झाल्यावर अपघाताची जागा मालकालाही बोटाने दाखविता येत नसे. सर्व्हेअरच्या अहवालातही त्यामुळे ‘दुरुस्ती’चा रकाना भरलेला आणि ‘बदली’चा रकाना मोकळा असे.

विम्याच्या बाजूनेही याच काळात बांधणी झाली. १९६८ साली विमा कायद्यात दुरुस्ती होऊन सर्व्हेअरला परवाना आवश्यक ठरला आणि २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या दाव्यावर परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल बंधनकारक झाला. त्या वेळच्या दुचाकीचा दावा या मर्यादेपर्यंत क्वचितच पोचे. तरी पाहणीवाचून पैसे द्यायचे नाहीत हा प्रघात लहान दाव्यांनाही लागू राहिला. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. १०७ कंपन्यांच्या चार झाल्या, आणि पॉलिसीचा मजकूर, हप्त्याचा दर, घसाऱ्याचे प्रमाण हे सारे एका दरपत्रकाने बांधले गेले.

या घसाऱ्याविषयी लोकांचा रोष फार, म्हणून त्याचा हिशेब उलगडून सांगतो. २००२ च्या दरपत्रकाप्रमाणे रबर, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर निम्मी रक्कम कापली जाते. काचेवर काहीच नाही. आणि उरलेल्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पहिल्या सहा महिन्यांत शून्य, तिथून चढत चढत दहा वर्षांपलीकडे शेकडा ५० पर्यंत. समजा, साडेतीन वर्षांच्या मोटारसायकलीचे बिल ५,००० रुपये झाले: धातूचे भाग ३,०००, प्लॅस्टिक-रबर १,२०० आणि मजुरी ८००. धातूवर शेकडा २५ वजा जाता २,२५०, प्लॅस्टिकचे ६००, मजुरी पूर्ण ८००. एकूण ३,६५०, त्यातून मालकाने सोसावयाचे सक्तीचे १०० रुपये गेले की हाती येतात ३,५५०. तत्त्व साधे आहे: विम्याने मनुष्य अपघातापूर्वी होता त्या स्थितीत यावा, त्याहून वर चढू नये. त्याच दरपत्रकात ‘लाकडी भागांसह’ असे दोन शब्द आहेत. लाकडी सांगाड्याच्या बसगाड्या आणि मालट्रक यांची ती आठवण, लाकडाचा टवकाही नसलेल्या मोटारसायकलीच्या हिशेबाशी अजून चिकटून राहिलेली पाहून मला त्या रुक्ष कागदाविषयी जिव्हाळा वाटू लागला.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पाणी ओसरताच घाईने किक मारणे हा मोठा घात असतो: सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हे नुकसान पुराने झाले की गाडी सुरू केल्याने, असा कज्जा उभा राहतो, आणि कंपन्या दुसऱ्या पक्षाला धरून बसतात. ज्याने गाडी न हलविता, न सुरू करता, आधी पाहणी होऊ दिली, त्याची बाजू भक्कम राहते. बोळातल्या ‘पाना लावायचा नाही’ या निर्बंधामागचे शहाणपण ते हेच.

या शतकातले परिवर्तन झपाट्याचे आहे. २००१ मध्ये पल्सर आली, पत्र्याच्या जागी प्लॅस्टिकची आवरणे आली, आणि तडकलेल्या प्लॅस्टिकवर डॉली-हातोडीची मात्रा चालत नाही; ते बदलावेच लागते. २००७ पासून दरपत्रकाचे बंधन सैल झाले, घसारा न कापणारी जोडपॉलिसी मिळू लागली, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये रोख पैसे न देता काम होऊ लागले, आणि लहान दाव्यांची पाहणी पुष्कळदा मोबाईलने काढलेल्या छायाचित्रांवर भागते. मालकाची यातायात वाचली यात संशय नाही, आणि तिची किंमत कमी लेखू नये. परंतु छायाचित्रात वाकलेली नळी सरळच दिसते. ती काचेवर लोळवल्याशिवाय कळत नाही, आणि न कळलेली नळी घेऊन गाडी रस्त्यावर गेली तर पुढच्या वळणावर ती कोणत्या बाजूला ओढेल याचा नेम नाही. म्हणून मला अजूनही वाटते की समोरून मार बसलेल्या गाडीपाशी एक जाणता मनुष्य उकिडवा बसला पाहिजे.

बंधूंच्या दाव्याचा धनादेश दीड महिन्याने आला. नव्या नळीच्या किमतीतून घसारा गेला होता, जुनीच्या भंगाराचे काही रुपयेही वजा झाले होते, आणि त्यामुळे ती वाकडी नळी न्यायाने आमची झाली होती. पण घरी नेऊन तिचे करायचे काय, म्हणून ती मिस्त्रींपाशीच राहिली. गंजून घट्ट बसलेला नट सोडवायचा असला की ते ती पान्याच्या दांड्यावर चढवीत आणि तिच्या लांबीवर आपला भार टाकीत. पुढे बरीच वर्षे, त्या बोळात गेलो की, खिळ्याला टांगलेली ती मला दिसत असे.