तेरा विरुद्ध अडतीस



नामदार गोखले म्हटलं की परीक्षेतलं उत्तर आठवतं, नाही का? नेमस्त पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक, गांधीजींचे राजकीय गुरू. दोन गुण पदरात पडले की पान उलटायचं. पण नावाआधीचं ते 'नामदार' आलं कुठून? तर ते वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद होते म्हणून. त्या मंडळात बसून या माणसाने नेमकं काय केलं त्याविषयी आज थोडं लिहिते. विषय शेवटी शिक्षणावर जाणार आहे, तेव्हा निवृत्त शिक्षिकेला जरा सांभाळून घ्या.

आधी ते मंडळ कसं होतं ते बघा. भरायचं कलकत्त्याला, अध्यक्ष खुद्द व्हाइसरॉय, आणि बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. म्हणजे मतदानाचा निकाल सभासद घरून निघायच्या आधीच ठरलेला! १८९२ च्या कायद्याप्रमाणे अंदाजपत्रकावर भाषण करता येई, प्रश्न विचारता येई, पण अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्नसुद्धा विचारायचा नाही. ठराव मांडायची मुभा मिळाली ती १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर. फेरोजशहा मेहतांनी सोडलेल्या जागेवर मुंबई प्रांतातून गोखले तिथे गेले, तेव्हा त्यांचं वय होतं पस्तीस.

२६ मार्च १९०२ ला त्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण झालं. समोर लॉर्ड कर्झन. तिजोरीत मोठी शिल्लक पडली म्हणून अर्थमंत्र्यांचं अभिनंदन चाललं होतं. गोखल्यांनी सांगितलं, मला या अभिनंदनात सामील होता येत नाही. कारण असं की, सरकारला इंग्लंडात व्याज, पेन्शनी वगैरे पौंडांत भरावं लागे. रुपया घसरत होता तेव्हा जास्त रुपये लागत, म्हणून कर वाढवले. मिठावरचा कर १८८८ साली मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. पुढे १८९३ नंतर रुपयाची किंमत चढवून सोळा पेन्सांवर स्थिर केली. आता तेवढेच पौंड द्यायला कमी रुपये पुरायला लागले, पण वाढवलेले कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची नव्हती, दुष्काळ आणि प्लेगने गांजलेल्या माणसांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या पैशाची होती. घरखर्चाची वही सांभाळणाऱ्या कोणालाही हे समजेल.

मिठावरचा कर १९०३ साली दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण वर्षामागून वर्ष ते हा विषय सोडत नव्हते, एवढं खरं.

जाता जाता एक सांगते. या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक गृहस्थ होते. सरकारी आकडेवारीची जाडजाड बुकं वाचून त्यांतून टिपणं काढायची आणि गोखल्यांना द्यायची, हे त्यांचं काम. पेशाने हेडमास्तर! आमच्या पेशाचा माणूस इतिहासात असा मागल्या बाकावर बसलेला सापडला की मला फार बरं वाटतं. गोखले स्वतःही फर्ग्युसनचे प्राध्यापक, आणि त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून चालत असे.

आता शिक्षणाकडे येते. मार्च १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला की प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याच्या दिशेने सुरुवात व्हावी. सरकारने विचार करू म्हटलं, ठराव मागे घेतला गेला. वर्षभर वाट पाहून १६ मार्च १९११ ला त्यांनी स्वतःचं बिलच आणलं. एकूण लोकसंख्येपैकी शेकडा किती जण प्राथमिक शाळेत आहेत हे त्यांनी देशोदेशीच्या आकड्यांनी दाखवलं. अमेरिकेत २१, जपानात ११, सयाजीरावांच्या बडोद्यात ५ आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १.९. बडोद्याचा आकडा सरकारला सगळ्यात जास्त झोंबला असेल असं मला वाटतं. इंग्लंडशी तुलना केली तर 'तिथली गोष्ट वेगळी' म्हणता येतं. बडोद्याबद्दल काय म्हणणार?

बिल होतं मात्र अगदी बेताचं. सक्ती सगळीकडे नाही. जिथे आधीच बरीच मुलं शाळेत जातात अशाच ठिकाणी, तिथल्या नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवलं तर, आणि तेही प्रांतिक सरकारच्या परवानगीने. वय सहा ते दहा. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्यांना फी माफ. खर्चाचे दोन हिस्से सरकारने उचलावे आणि एक स्थानिक संस्थेने, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि सक्ती प्रथम फक्त मुलग्यांना, मुलींचं पुढे पाहू.

हे शेवटचं कलम मला टोचतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. त्यानंतर तीस वर्षांनीसुद्धा मुली 'पुढे'! गोखल्यांची अडचण कळते. विरोधकांच्या हातात आणखी एक कोलीत द्यायचं नव्हतं. पण जूनमध्ये पटनोंदणीसाठी आम्ही वाड्यावस्त्यांवर फिरायचो, तेव्हा ओसरीवर धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी हमखास दिसायची. भाऊ मोठा झाला की तिला पाठवू, असं तिची आई म्हणायची. 'पुढे' या शब्दाचा अर्थ मी तिथे शिकले.

बिल वर्षभर प्रांतिक सरकारांकडे मतासाठी फिरलं. उत्तरं ठरलेली होती : लोकांची मागणी नाही, पैसा नाही, शिकलेले शिक्षक नाहीत, सक्तीने लोक बिथरतील. १८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा झाली. शिक्षण खात्याचे सर हारकोर्ट बटलर विरोधात. जिना आणि मदनमोहन मालवीय बाजूने. बिल निवड समितीकडे पाठवावं, एवढीच मागणी होती. मतं पडली १३ विरुद्ध ३८. विरोधी मतांत काही हिंदी सभासदही होते, हे विसरून चालणार नाही.

निकाल गोखल्यांना ठाऊक होता. भाषणातच ते बोलले होते की संध्याकाळपर्यंत बिल फेटाळलं जाईल, त्याबद्दल तक्रार नाही, आपल्या पिढीला देशाची सेवा अपयशातूनच करायची आहे, अशा अर्थाचं. तरीही एकेका आक्षेपाला आकड्यानिशी उत्तर दिलं. ज्यांचं मत बदलणार नव्हतं त्यांनाच ते समजावत होते असं मला वाटत नाही. भाषण छापलं जाणार होतं, ते ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यासाठी ते बोलत असावेत.

सगळंच हरले असंही नाही. नाताळला करारबंद मजूर पाठवणं थांबवण्याचा त्यांचा २५ फेब्रुवारी १९१० चा ठराव सरकारने मान्य केला आणि १९११ च्या जुलैपासून ती पाठवणी बंद झाली.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले, अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे. ज्या कोल्हापुरात ते विद्यार्थी होते, तिथे शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९१८ साली मुंबई कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा करून घेतला. सगळ्या देशासाठी कायदा व्हायला मात्र २००९ साल उजाडलं. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला, सहा ते चौदा वयासाठी. त्यात मुलींसाठी वेगळं कलम नाही.

नातेवाईकांपैकी कोणाच्या माळ्यावर गोखल्यांचं जुनं अंकगणित पडलेलं असेल तर कृपया रद्दीत घालू नका, मला कळवा. मी येऊन घेऊन जाईन.