किल्लीतला काळा मणी

मागच्या शनिवारी घराच्या दोन जादा किल्ल्या करून घ्यायला इथल्या एका म्हाताऱ्या किल्लीवाल्याकडे गेलो होतो. काउंटरखाली एक धूळ खाणारी पेटी दिसली, तिच्यावर १ ते १५ आकड्यांची खुंटी. "हे काय?" एवढंच विचारलं आणि मंडळी, तासभर तिथेच अडकलो!

१९८० च्या दशकात कॉर्व्हेट ही अमेरिकन चोरांची लाडकी गाडी. स्टिअरिंगचा कॉलम फोडायचा, कुलूप उखडायचं, की गाडी सुरू. त्यावर जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये एक साधा उपाय आणला. किल्लीच्या पात्यात काळ्या मण्यासारखा एक रेझिस्टर बसवला. त्याची किंमत ४०२ ते ११,८०० ओहम, ठरलेल्या १५ पैकी कुठलीही एक. डॅशबोर्डमागच्या डब्याला आपला आकडा मिळाला तरच स्टार्टर फिरणार आणि इंजिनात पेट्रोल जाणार. आकडा चुकला की दोन ते चार मिनिटं सगळं ठप्प. पंधराच आकडे? मलाही हसू आलं. पण चोराला घाई असते हो. चौदा वेळा चुकून प्रत्येक वेळी चार मिनिटं थांबायचं म्हणजे जवळजवळ तास गेला.

गंमत पुढे आहे. गाडी जुनी झाली की हा डबा मालकालाच चोर समजू लागे. किल्ली तीच, मालक तोच, पण गाडी ढिम्म हलत नाही. मेकॅनिक आधी बॅटरी बदलणार, मग स्टार्टर. बिल मालकाचं!

म्हातारबुवांची पद्धत वेगळी. पहिल्यांदा मल्टीमीटर मण्याच्या दोन बाजूंना लावायचा. आकडा बरोबर आला तर किल्ली निर्दोष. न आला तर मणी पुसून पुन्हा मोजायचा, कारण खिशातला मळही पुरतो. मग स्टिअरिंगखालचा कनेक्टर सोडवायचा, किल्ली कुलपात घालायची आणि तोच आकडा तिथे येतो का बघायचं. इथे खरी मेख आहे. कुलपातून निघणाऱ्या दोन तारा अगदी बारीक, आणि किल्ली फिरली की दर वेळी त्या थोड्या वाकतात. हजारो वेळा वाकून आतून तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत. म्हणून मीटर लावून ठेवायचा, किल्ली हळूहळू फिरवायची, स्टिअरिंग वर-खाली करायचं. आकडा मध्येच गायब झाला की चोर सापडला.

आणि ती पेटी? ताराच्या जागी ती जोडायची आणि मालकाच्या किल्लीच्या आकड्यावर खुंटी ठेवायची. गाडी सुरू झाली तर डबा ठीक, दोष तारांचा. नवी तार घालायची म्हणजे कॉलम उघडायचा, मजुरी भारी. त्यामुळे बरेच जण त्याच किमतीचा स्वस्त रेझिस्टर तिथे कायमचा जोडून टाकत. गाडी सुरू, गिऱ्हाईक खूश, आणि चोरांपासूनचं संरक्षण संपलं, कारण आता मण्याशिवायची किल्लीही चालते. "मी आधी सांगायचो," म्हातारबुवा म्हणाले, "पण ऐकून कोण घेतो?"

१९९० च्या दशकात मण्याची जागा रेडिओ चिपने घेतली. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला, अमेरिकेत तशी सक्ती झाली नाही. त्याचा हिशेब २०२१-२२ मध्ये चुकता झाला. इमोबिलायझर नसलेल्या ह्युंदाई आणि किया गाड्या पोरं कुलूप उखडून, यूएसबी केबलचं टोक घालून पळवू लागली. म्हणजे १९८६ च्या आधीचीच युक्ती.

पेटी विकता का विचारलं. नाही म्हणाले. अजून दोन कॉर्व्हेटवाले येतात म्हणे.