किरमिजी वेलीचं कूळ

किरमिजी हा शब्द आपल्या बोलण्यातून आता जवळजवळ गेलाच. लुगड्याचा असो की भिंतीचा, आपण त्या रंगाला 'मरून' म्हणून मोकळे होतो. शब्द आला अरबी-फारसीतून. ओकच्या झाडावर एक बारीक किडा असतो, किर्मिझ. त्याच्या माद्या वाळवून, कुटून गडद तांबडा रंग काढत. फारसीतला 'किर्म' आणि आपला 'कृमी' एकाच पोटचे. हाच शब्द पश्चिमेकडे फिरत फिरत फ्रेंचमध्ये 'कार्में' झाला आणि बोर्दोजवळच्या मेदोक भागातल्या एका काळ्या द्राक्षाला त्यावरूनच कार्मेनेर हे नाव पडलं, असं मानतात. पानगळीच्या दिवसांत या वेलीची पानं लालभडक होतात, म्हणून.

किड्यावरून नाव पडलेल्या या वेलीचा फ्रान्समधला संसार किड्यानंच मोडला. १८६०च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्झेरा नावाचा, माव्याच्या जातीचा कीटक फ्रान्समध्ये शिरला. तो मुळांतला रस शोषतो आणि वेल जागच्या जागी वाळते. बागाच्या बागा गेल्या. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधण्याचा. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे समजावून सांगायला नको. त्याच्या बागेतला 'डॉगरिज' खुंटही मूळचा अमेरिकनच. फक्त आपल्याकडे तो वापरतात तो क्षार आणि पाणीटंचाईपायी.

बोर्दोवाल्यांनी बागा पुन्हा उभ्या केल्या, पण कार्मेनेरला वगळून. तिचं दुखणं जुनंच होतं. फुलोऱ्याच्या वेळी हवा गार-ओली राहिली की मणी धरतच नाहीत, घड विरळ होतात. त्यात पिकायलाही उशीर. जिला धड फळ धरत नाही तिच्यासाठी कलमाचा खर्च कोण करणार? शेतकऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर त्यात चूक काही नव्हती. हळूहळू ही जात संपली असंच सगळे धरून चालले.

पण साथ येण्याच्या आधीच तिच्या काड्या समुद्रापार गेल्या होत्या. चिलीत स्पॅनिश पाद्र्यांच्या काळापासून 'पाईस' नावाचं द्राक्ष होतं, तरी खाणींवर गबर झालेल्या तिथल्या धनिकांना फ्रेंच वाइनची हौस. १८५१ साली सिल्वेस्त्रे ओचागाविया या जमीनदारानं फ्रान्सहून उंची जातींची लागवड मागवली, पुढे इतरांनीही मागवली. त्या जुड्यांत मेर्लोबरोबर कार्मेनेरही आली आणि दोन्ही एकाच बागेत सरमिसळ लागल्या. उत्तरेला आटाकामाचं वाळवंट, पूर्वेला आन्देस, पश्चिमेला महासागर; फायलोक्झेरा तिथं पोहोचलाच नाही. कोरड्या हवेत फुलोराही निभावला. वेल स्वतःच्याच मुळांवर सुखानं वाढली. फक्त नाव हरवलं. सगळे तिला मेर्लोच म्हणू लागले.

मराठीत कूळ म्हणजे घराणं आणि कूळ म्हणजे दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा. कार्मेनेर चिलीत सुमारे १४० वर्षं या दुसऱ्या अर्थानं कूळ होती. सातबारा मेर्लोचा, राबणारी ही. दोघींत साम्य होतं यातही नवल नाही. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की दोन्ही जातींचं एक पालक 'काबर्ने फ्रां'. म्हणजे चक्क सावत्र बहिणी.

स्वभाव मात्र वेगळा. मेर्लो पिकल्यावर कार्मेनेरला आणखी तीन-चार आठवडे लागतात. एकाच वेळी तोडणी केली की अर्धी द्राक्षं कच्ची, आणि कच्च्या कार्मेनेरला ढोबळी मिरचीचा वास. चिलीच्या मेर्लोत हा हिरवट वास यायचा आणि लोक तो मातीचा गुण समजायचे! क्लोद वाला या फ्रेंच तज्ज्ञानं ही मेर्लो नव्हे, अशी शंका काढली होती. पण मग ही कोण, ते ठरत नव्हतं.

२४ नोव्हेंबर १९९४. तिकडे तो वसंत, फुलोऱ्याचे दिवस. मोंपेलिएहून परिषदेसाठी आलेले वेल-अभ्यासक ज्याँ-मिशेल बूर्सिको माइपो खोऱ्यातल्या 'कार्मेन' या वाइनरीच्या बागेत फिरत होते. मेर्लोच्या म्हणून दाखवलेल्या वेलीवर त्यांना फुलांतले पुंकेसर पिळवटलेले दिसले. मेर्लोचे तसे नसतात. ही कार्मेनेर, असं त्यांनी तिथंच सांगितलं.

बागायतदारांना यात आनंद कमी आणि पंचाईत जास्त होती. मेर्लोला बाजार होता. हे नाव कुणाला ठाऊक? सरकारी यादीतही ते नव्हतं. 'कार्मेन'नं सुरुवातीला बाटलीवर 'ग्रांद विद्यूर' असं बोर्दोतलं जुनं टोपणनाव छापून वेळ मारून नेली. मग वेली ओळखून वेगळ्या केल्या गेल्या, तोडणी लांबवली गेली, मिरचीचा वास ओसरला. काचापोआल खोऱ्यातलं पेउमो गाव आज या द्राक्षासाठी ओळखलं जातं, आणि चिलीत तिची लागवड सुमारे १०,००० हेक्टरवर आहे. बोर्दोच्या नियमांत ती अजून मान्य आहे, पण बागांत औषधाला सापडेल इतकीच.

चीनमध्येही 'काबर्ने गेर्निश्ट' नावाचं एक द्राक्ष पिकतं. त्याचा डीएनए तपासला, तर तीही हीच निघाली.