पॅरिसच्या रुग्णालयांतील आंतर्वासी वैद्य आणि त्यांचे अध्यापन

स्पर्धापरीक्षेने आंतर्वासी व बहिर्वासी विद्यार्थी निवडण्याची पद्धती पॅरिसच्या रुग्णालयांत १८०२ साली सुरू झाली. तेथील प्राध्यापकांच्या व्याख्यानांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु बहिर्वासी विद्यार्थ्याला आंतर्वासीपदापर्यंत नेण्याचे कार्य बहुतांशी नुकतेच तेथवर पोहोचलेले तरुण आंतर्वासीच करीत, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. ‘कोंफेरांस’ नामक त्यांच्या छोट्या वर्गांत विद्यार्थ्याने नेमलेल्या प्रश्नाचे उत्तर ठराविक वेळात मांडावे आणि आंतर्वासीने त्यातील उणिवा दाखवाव्यात, असा परिपाठ असे. ही रीत पाठांतरास पोसणारी होती, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि तिच्यावाचून परीक्षेत यश मिळणे दुरापास्तच. साहजिकच या तरुण शिक्षकांच्या हाती, कोणाला पुढे येऊ द्यावे हे ठरविण्याचीही काही सत्ता आली. स्त्रियांना आंतर्वासी-परीक्षेस बसू देण्यास त्यांच्यापैकीच अनेकांनी अर्जाद्वारे विरोध केला. तो डावलून १८८५ साली परवानगी मिळाली व १८८६ मध्ये ऑगस्ता क्लुंप्के उत्तीर्ण झाल्या. खांद्यातून हातात उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या ज्या विकाराला आज त्यांचे नाव आहे, त्यावरील निबंध त्यांनी १८८५ मध्येच, आंतर्वासी होण्यापूर्वी, प्रसिद्ध केला होता.