झीलकऱ्यांमागचा शाहीर

धाराशिवहून बार्शी एस.टी.ने तासाभराची वाट. पण १९४८ पूर्वी या वाटेवर राज्याची सीमा आडवी होती. आम्ही निजामाचे, बार्शीकर इंग्रजांचे. त्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल जन्मले. महाराष्ट्राने त्यांना पुढे शाहीर अमर शेख म्हणून ओळखले.

त्यांची पहिली गुरू आई मुनेरबी. तिच्या तोंडची लोकगीते ऐकत ते वाढले. मुसलमान घरातील बाईने मराठी ओवी म्हणावी, यात आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरकी केली, गिरणीत राबले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी मैनेची छक्कड लिहिली आणि अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव नेली. अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. मला विचाराल तर त्यांचे नाते रशियापेक्षा जात्याशी जवळचे.

‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. पण छापील पानावर हा माणूस निम्माच सापडतो. १९६९ साली अपघातात ते गेले आणि उरलेला निम्मा ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिला. त्यांची कन्या मल्लिका पुढे कवयित्री झाली. तिची वाट मात्र तिची स्वतःची.

शाहिरीची शाळा म्हणजे झील. पोरगा आधी तुणतुणे घेऊन मागे उभा राहतो, शेवटचा शब्द उचलतो, शाहीर श्वास कोठे घेतो ते ध्यानात ठेवतो. मग एके दिवशी शाहीर ओळ मध्येच सोडतो, आणि ती पोराला पुरी करावी लागते. वही तपासून आम्हा मास्तरांना हे साधत नाही.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी पोवाडा शिकवीत होतो. मुले जांभया देत होती. शेवटी पुस्तक मिटले, बाकावर ताल धरला आणि वर्गाला झील धरायला लावली. कधी तोंड न उघडणारा, ऊसतोड कामगाराचा एक मुलगा मागच्या बाकावर होता. दुसऱ्या दिवशी त्याने कोयत्यावर चार ओळी करून आणल्या. वाचून दाखव म्हटले, तर म्हणाला, “गुरुजी, वाचायच्या न्हाईत, म्हणायच्या हायेत. पोरांना झील धराया सांगा.”