ड्रॉइंगच्या सरांचा इतिहास

मागच्या दिवाळीत धानोऱ्याला घरी गेलो होतो. रात्री अंगणात खाट टाकून बसलो होतो. काकांची मुलगी शेजारी येऊन बसली. ती यंदा बारावीला आहे. बराच वेळ मोबाईल चाळत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "दादा, चित्रकला शिकून नोकरी लागते का?"

मी काही बोलायच्या आधीच ओट्यावरून काकांचा आवाज आला, "छंद म्हणून कर की! कोण नाही म्हणतंय? पण शिक्षण असं घे, की पोट भरलं पाहिजे."

घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इंजिनीअर, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. त्यामुळे पोट भरणाऱ्या शिक्षणाचा आमच्या घरातला अधिकृत नमुना मीच. मी "बघू, माहिती काढतो" असं म्हणून वेळ मारून नेली. पुण्याला परतल्यावर खरंच माहिती काढायला बसलो. कॉलेजं, फी, प्रवेश परीक्षा एवढंच शोधायचं होतं. पण शोधता शोधता दीडशे वर्षं मागे गेलो, आणि लक्षात आलं की काकांचा प्रश्न काकांचा नाहीच. आपल्याकडचं कलाशिक्षण जन्माला आलं तेच हा प्रश्न घेऊन.

आधी आमच्या सरांबद्दल सांगतो. गावातल्या शाळेत आम्हाला चित्रकलेचे सर होते. सगळे त्यांना 'ड्रॉइंगचे सर' म्हणायचे, नावाने क्वचितच. घरात आम्ही बोलायचो ती भाषा वेगळी आणि शाळेतली मराठी वेगळी. बाकीच्या तासांना तोंड उघडलं की कोणी ना कोणी हसायचं. चित्रकलेच्या तासाला मात्र बोलावं लागायचं नाही. सर टेबलावर तांब्या, कांदा आणि घडी घातलेलं फडकं ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी बघा. पेन्सिल नंतर." आठवीत त्यांनी आम्हा सात-आठ जणांना एलिमेंटरीला बसवलं आणि परीक्षेला काळीपिवळीतून नंदुरबारला नेलं. भाड्याचे पैसे कोणी दिले, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

ही परीक्षा महाराष्ट्रातल्या बहुतेकांना माहीत असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि चौथा पेपर कर्तव्य भूमिती व अक्षरलेखनाचा. हा चौथा पेपर चित्रकलेत कशाला, असं मला तेव्हा वाटायचं. कंपास घेऊन पंचकोन काढण्यात कसली आली कला? त्याचं उत्तर मला लंडनमध्ये सापडलं.

१८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. इंग्लंडची यंत्रं जोरात होती, पण यंत्रातून निघणाऱ्या मालाचं रूप ओबडधोबड होतं. भारतातून गेलेलं कापड आणि धातुकाम बघून तिथल्या जाणकारांचे डोळे उघडले. कारागिराला चित्र काढता आलं पाहिजे, तर माल चांगला निघेल, असा विचार पुढे आला. हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी त्यासाठी एक अभ्यासक्रम बांधला. 'साउथ केन्सिंग्टन पद्धत' म्हणून तो ओळखला जातो. वीसहून जास्त पायऱ्या, आणि पहिली पायरी कोणती? पट्टी-कंपास घेऊन रेषा काढणं. माणसाचं चित्र, निसर्ग, स्वतःच्या मनातलं काही, हे सगळं खूप पुढे.

इकडे मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांना वेगळी काळजी होती. विलायती मालापुढे इथले कारागीर टिकत नव्हते. कला आणि उद्योगाचं शिक्षण देणारी शाळा काढावी म्हणून १८५३ मध्ये त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये पहिले वर्ग भरले. तेच आजचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेही याच वर्षी, काही महिन्यांनी. एकाच शहरात, एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन संस्था. पण विद्यापीठाने कायदा, वैद्यक, अभियांत्रिकीला पदव्या दिल्या, आणि चित्रकला मात्र उंबऱ्याबाहेर राहिली. ती कितीकाळ बाहेर राहिली, ते पुढे येईलच.

१८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग जे.जे.मध्ये शिकवायला आले. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांचा मुलगा रुडयार्ड मुंबईतच जन्मला. १८६६ मध्ये जे तीन विभाग सुरू झाले, ते होते सजावटीचं रंगकाम, मातीकाम-शिल्प आणि नक्षीदार लोखंडकाम. हे तिन्ही विभाग कारागिरांसाठीच होते. 'चित्रकार' घडवावा असं या रचनेत कुठे नव्हतं.

पण माणसाला चित्र काढायला शिकवलं की तो ठरवून दिलेल्या जागी थांबत नाही. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले, भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला. अजिंठा म्हणजे आमच्या खानदेशाच्या दारातच. त्या विद्यार्थ्यांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते, ते पुढे नावाजलेले चित्रकार झाले. नकला लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या कितीतरी जळाल्या. नक्कल करणाऱ्या त्या पोरांच्या डोळ्यांत मात्र अजिंठा राहिला असणार. पुढे कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षं, त्या आवारात राहिले.

आता आमच्या सरांचा पूर्वज येतो. शाळांमध्ये चित्रकला शिकवायची तर शिक्षक लागणार. म्हणून १८९३ मध्ये जे.जे.मध्ये ड्रॉइंग शिक्षकांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. इथून पुढे वाट फुटली. एका वाटेने चित्रकार गेले. दुसऱ्या वाटेने मास्तर गेले आणि इलाख्यातल्या शाळाशाळांत पोचले. आज महाराष्ट्रात एटीडी म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा नावाचा जो अभ्यासक्रम आहे, तो याच वाटेवरचा. १९६५ मध्ये राज्याचं कला संचालनालय झालं आणि ग्रेड परीक्षा, पदविका हे सगळं त्याच्याकडे आलं. आमच्या सरांच्या घरात भिंतीवर एटीडीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. १८९३ पासून निघालेली वाट त्या भिंतीवर येऊन थांबते.

म्हणजे विज्ञानाचे सर विद्यापीठाची पदवी घेऊन आले आणि ड्रॉइंगचे सर संचालनालयाची पदविका घेऊन. स्टाफरूममध्ये कोणाची खुर्ची कुठे, हे इथेच ठरलं. गणिताचा पोर्शन मागे पडला की कोणाचा तास घ्यायचा, हेही इथेच ठरलं.

एक वाट मात्र वेगळी होती, आणि ती आम्हाला मुंबईपेक्षा जवळ होती. नंदुरबारला सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं, सुरतेला उतरून बडोद्याची गाडी धरायची. नवापूर ओलांडलं की सोनगड. सोनगड-व्यारा हा मुलूख संस्थानांच्या काळात बडोद्याच्या गायकवाडांकडेच होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन तिथे सयाजीराव महाराज झाला. त्यांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये बडोद्याला कलाभवन निघालं, हाताचं आणि यंत्राचं शिक्षण देणारं. जे.जे.मध्ये शिकलेले दादासाहेब फाळके पुढे या कलाभवनातही शिकले.

सयाजीरावांच्या नावाचं विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं. हंसा मेहता कुलगुरू होत्या. १९५० मध्ये तिथे ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि चित्र-शिल्पाला विद्यापीठाची पदवी मिळू लागली. चित्रकला विभागाची जबाबदारी नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आली. ते इंदूरचे मराठी, मुंबईची सरकारी कला पदविका घेतलेले. शिल्पकलेला शांतिनिकेतनचे शंखो चौधुरी. लवकरच के. जी. सुब्रमण्यन आले, तेही शांतिनिकेतनमध्ये शिकलेले. म्हणजे मुंबईची शिस्त आणि शांतिनिकेतनची मोकळीक एका छताखाली आली. विद्यार्थ्याने नुसतं काढायचं नाही. कलेचा इतिहासही वाचायचा आणि आपण असं का काढतो हे स्वतःला विचारायचं. शिकवणारेही स्वतः काम करणारे कलावंत. चित्रकार आणि मास्तर या दोन वाटा तिथे पुन्हा एक झाल्या.

याचा परिणाम काय झाला, त्याचं एक उदाहरण मला फार आवडलं. बडोद्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ज्योती भट्ट पुढे तिथेच शिकवू लागले. १९६० च्या दशकाच्या शेवटी ते कॅमेरा घेऊन खेड्यांत हिंडायला लागले. सारवलेल्या भिंती, अंगणातल्या रांगोळ्या, राठवा आदिवासींची पिठोरा चित्रं, असं सगळं त्यांनी टिपून ठेवलं. राठवांचा मुलूख नर्मदेपलीकडचा, आमच्या जिल्ह्यापासून फार लांब नाही. आमच्या आजीलाही भिंत सारवून त्यावर पांढऱ्या मातीने बोटं उमटवताना मी लहानपणी बघितलंय. एलिमेंटरीच्या संकल्पचित्रात मी कमळं आणि वेलबुट्टी काढली. आजीची बोटं काढावीत असं मला सुचलंसुद्धा नाही. सुचायला कोणी तरी आधी सांगावं लागतं, की हेही बघण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात मात्र जे.जे. मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेलं आणि बीएफएची पदवी मिळू लागली ती १९८१ मध्ये. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन संस्थांची गाठ पडायला १२४ वर्षं लागली. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

हे सगळं वाचून झाल्यावर मी साउथ केन्सिंग्टनवाल्यांवर चिडायला हवं होतं. पण चिडता येईना. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला इंजिनीअरिंग ड्रॉइंग होतं. वर्गातली शहरातली, इंग्रजी शाळांतली मुलं प्रोजेक्शनला घाबरायची. माझी शीट सगळ्यात आधी पूर्ण व्हायची. त्या कॉलेजात मी पहिल्यांदा मान वर करून चाललो ते त्या विषयामुळे, आणि तो मला कर्तव्य भूमितीच्या पेपरने शिकवला होता. कारागिरांसाठी आखलेली पहिली पायरी मला उपयोगी पडली, हे कबूल करायलाच हवं. माझी तक्रार वेगळी आहे. माझ्यासारख्या पोरांना पहिल्याच पायरीवरून "आता कामाला लागा" म्हणून परत पाठवतात, आणि वरच्या पायऱ्या आहेत हे कोणी सांगतच नाही.

आमचे सर आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी कोणी आलेलं नाही. पीटीचे सर तास घेतात, म्हणजे मुलं मैदानात जातात. बहिणीला एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही देता आल्या त्या सरांच्या शेवटच्या वर्षांत. तिच्यानंतरच्या मुलांना तेवढंही मिळणार नाही.

मी काकांना फोन केला. पदविका, पदवी, बडोदा, मुंबई, सगळं सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही. शाळेतल्या जागा भरतीलच याची खात्री नाही, हेही सांगितलं. पण ॲनिमेशन, डिझाइन, पुस्तकं, म्युझियम अशी कामं असतात हे सांगितलं. आमच्या कंपनीत स्क्रीनवर बटण कुठे असावं हे ठरवायलासुद्धा चित्रकलेची पदवी घेतलेली मुलगी आहे, आणि तिचा पगार माझ्याइतका आहे, हेही सांगितलं. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परीक्षा काय असते तिची?"

मी वाचून दाखवलं. राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान.

"हे तर ड्रॉइंगचे सर घ्यायचे तेच," काका म्हणाले.

दोन दिवसांनी बहिणीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तांब्या, दोन कांदे, फडकं. तांब्याचं तोंड वाकडं झालं होतं, ते मला दिसत होतं. पण सरळ कसं करायचं ते सांगता येईना. मी फोटो सरांना पाठवला. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं:

"आधी बघत नाही ती. उद्या सकाळी पाठव माझ्याकडे. तांब्या घेऊन."