भाकरी सोडावी काय?



गेल्या हिंवाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून नगरला आला असतां मला भेटावयास घरीं आला. जेवणाची वेळ होती. बाजरीची भाकरी व मटणाचा रस्सा असें ताट त्याच्यापुढें आलें, तेव्हां त्यानें मटण तेवढें घेतलें आणि भाकरी नम्रपणें परत केली. "गुरुजी, धान्य सोडून दोन वर्षें झालीं. धान्याची होते साखर, आणि साखरेवर पोसतो कर्करोग," असें त्यानें मला समजावून सांगितलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. वैद्यकावर अधिकारवाणीनें बोलण्याची माझी योग्यता नाहीं. परंतु इतिहास हा विषय मीं जन्मभर शिकविला, आणि कोणतीहि समजूत पुढें आली कीं तिचें जन्मस्थान विचारण्याची खोड मला जडली आहे. त्या खोडीचें फळ आज आपणांपुढें ठेवितों.

धान्य कमी करण्याचा उपदेश वाटतो तितका नवा नाहीं. चरकसंहितेंत प्रमेहाचीं कारणें सांगतांना आळस, अतिनिद्रा, दहीं, नवें धान्य व गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख आहे. तथापि त्या आचार्यांनीं धान्यमात्र वर्ज्य केलें नाहीं. प्रमेही माणसाच्या आहारांत त्यांनीं जवाला मानाचें स्थान दिलें. गोड व जड अन्न सोडून जाडेंभरडें धान्य घ्यावें, असा तो मार्ग होता. युरोपांत १७९७ सालीं जॉन रोलो या लष्करी वैद्यानें मधुमेही रोग्यास बहुतांशीं मांसाहारावर ठेवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढें लंडनमधील विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थानें डॉक्टर हार्वे यांच्या सल्ल्यानें पाव, साखर, बटाटे व बिअर सोडलीं आणि वजन चांगलेंच उतरविलें. १८६३ सालीं त्यानें तो अनुभव एका पत्रिकेंत छापला, आणि ती इतकी गाजली कीं त्याच्या आडनांवाचें इंग्रजींत क्रियापद झालें. इन्सुलिन शोधणारा बँटिंग तो निराळा. त्याचें कार्य १९२१ सालचें.

येथवर प्रश्न होता तो मेदाचा व मधुमेहाचा. कर्करोग त्यांत कसा शिरला? १९२० नंतरच्या दशकांत जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांस असें आढळलें कीं, कर्करोगाच्या गांठींतील पेशी निरोगी पेशींपेक्षां पुष्कळ अधिक साखर ओढून घेतात, आणि प्राणवायु जवळ असतांनाहि ती आंबविण्याच्या रीतीनें वापरतात. हें निरीक्षण खोटें नव्हे. आज रुग्णालयांत होणारा पेट स्कॅन याच गुणाचा उपयोग करून गांठ कोठें आहे तें दाखवितो. परंतु त्यावरून "साखर तोडली कीं गांठ उपाशी मरेल" असें अनुमान लोकांनीं काढलें, तेथें मोठी उडी आहे. रक्तांतील साखर आपण खाल्लेल्या घासावरच अवलंबून नसते. माणसानें पिष्टमय पदार्थ मुळींच खाल्ले नाहींत तरी त्याचें यकृत प्रथिनांपासून साखर तयार करून रक्ताला पुरवितें. गांठीला मिळावयाचें तें मिळतें; उपास घडतो तो माणसाला.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. २०२४ सालापासून ज्याला अहिल्यानगर असें नांव मिळालें, तो आमचा नगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर पाऊस बेताचाच. म्हणून खरिपाची बाजरी व रब्बीची ज्वारी यांवर येथील माणूस पिढ्यान् पिढ्या जगला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खन होरपळून निघाली. त्या वेळीं मद्रास इलाख्यांत सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाकाठीं एक पौंड धान्य पुरे, असें ठरविलें, आणि तेथील आरोग्याधिकारी कॉर्निश यांनीं त्यास विरोध केला. राबणाऱ्या माणसाला धान्य अधिक हवें आणि सोबत डाळ व भाजीहि हवी, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या वादाचा बोध मला असा वाटतो कीं, धान्य तुटलें तर माणूस मरतो, आणि नुसतें धान्यच उरलें तरीहि तो खंगतो. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळेंत होतों. परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाहीं. अशा प्रदेशांत भाकरी परत करणारा तरुण पाहिला कीं क्षणभर जीव चरकतो, तो उगीच नव्हे.

याच जिल्ह्यानें दुसरेंहि एक स्थित्यंतर पाहिलें. १९२० च्या सुमारास बेलापूर कंपनी स्थापन होऊन हरेगांवास तिचा साखर कारखाना उभा राहिला. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. आणि १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमानें प्रवरेच्या कांठीं लोणीच्या सहकारी कारखान्याचें पहिलें गाळप झालें. बाजरीचा जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. शेतकऱ्याच्या हातीं पैसा आला ही आनंदाचीच गोष्ट. पण त्याबरोबर ताटांतहि पालट झाला. भाकरीच्या जागीं पॉलिशचा भात, मैद्याचा पाव व बिस्किटें आणि दिवसांतून चार वेळां गोड चहा आला. शास्त्राच्या भाषेंत भाकरी व साखर हे दोन्ही पिष्टमय वर्गांतलेच पदार्थ. परंतु एका वर्गांत बसलेलीं सगळींच मुलें सारखीं नसतात, हें शिक्षकाला कोणी शिकवावयास नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें ११ ग्रॅम व ज्वारींत सुमारें १० ग्रॅम तंतुमय चोथा दिला आहे. सडलेला तांदूळ व मैदा यांत तो ३ ग्रॅमहूनहि कमी भरतो. साखरेंत तो अजिबात नाहीं.

या चोथ्याला महत्त्व मिळवून दिलें तें डेनिस बर्किट या आयरिश शस्त्रवैद्यानें. युगांडांत अनेक वर्षें काम करतांना त्याला दिसलें कीं, भरड अन्न खाणाऱ्या आफ्रिकन लोकांत मोठ्या आंतड्याचा कर्करोग क्वचित् आढळतो. १९७१ सालीं त्यानें आपला तर्क मांडला. चोथ्यामुळें मळ लवकर पुढें सरकतो, ही एक बाजू झाली. आणि आंतड्यांतील सूक्ष्म जंतु चोथा आंबवून जें द्रव्य तयार करतात तें आंतड्याच्या अस्तराचें पोषण करतें, ही दुसरी बाजू मागाहून उजेडांत आली.

परंतु तर्काला हिशेबाची जोड हवी, आणि कर्करोगाचा हिशेब हा एका-दोन वर्षांचा नव्हे. हा रोग कित्येकदां दहा-वीस वर्षें आंतल्या आंत वाढतो. म्हणून दोन वर्षांत घटलेलें वजन पाहून वीस वर्षांनंतरची हमी देतां येत नाहीं. मुंबईस १९४१ सालीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. तेथील डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनीं निरनिराळ्या जातिजमातींच्या चालीरीती आणि त्यांना होणारे कर्करोग यांचा संबंध तपासला. १९६३ सालीं डॉक्टर जस्सावाला यांच्या पुढाकारानें मुंबईची कर्करोग नोंदवही सुरू झाली. खेड्यांची नोंद होण्यास मात्र १९८७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं बार्शीस ग्रामीण नोंदवहीचें काम सुरू झालें, आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गांवोगांव माणसें फिरूं लागलीं. आमच्या जामखेडच्या पलीकडचाच हा भाग. जमीन तीच, ज्वारी तीच, भाकरी तीच.

त्या वहींत काय आढळलें? मोठ्या आंतड्याचा कर्करोग फारच थोडा, आणि एकंदर कर्करोगाचें प्रमाण मुंबईपेक्षां कमी. मात्र म्हणून भाकरी हें कवच आहे असें समजूं नये. त्याच गांवांतील स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वांत पुढें होता, आणि त्याचें मूळ एका विषाणूंत आहे, धान्यांत नव्हे. तोंडाच्या कर्करोगाचें मोठें कारण तंबाखू. भाकरीला जें श्रेय द्यावयाचें तें बेतानें द्यावें; पण तिच्यावर जो आरोप आहे त्याला आधार त्या वहींत सांपडत नाहीं.

आतां अलीकडच्या हिशेबाकडे येऊं. अमेरिकेंत ८५,१६८ स्त्रिया व ४४,५४८ पुरुष यांच्या आहाराची नोंद वीस वर्षांहून अधिक काळ ठेवण्यांत आली, आणि तिचे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले. पिष्टमय पदार्थ कमी करून त्यांच्या जागीं मांसादि प्राणिज अन्न घेणाऱ्यांत कर्करोगानें होणारे मृत्यु सुमारें २८ टक्के अधिक दिसले. उलट ज्यांनीं ती जागा वनस्पतिज अन्नानें भरली त्यांच्यांत एकूण मृत्युसंख्याच सुमारें २० टक्के कमी दिसली. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें खारवलेलें, धुरावलेलें असें प्रक्रिया केलेलें मांस कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातलें, आणि लाल मांस संभाव्य कारणांत घातलें. हीं निरीक्षणें आहेत, प्रयोग नव्हेत. अशा हिशेबांत दुसऱ्या संवयींचीहि भेसळ असते, हें विसरतां कामा नये.

उलट बाजूचाहि पुरावा सांगणें न्यायाचें होईल. भारतासह १८ देशांतील सव्वा लाखाहून अधिक माणसांची पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत पिष्टमय अन्नाचा अतिरेक करणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक होतें. २०१८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत एकूण शक्तीपैकीं ५० ते ५५ टक्के शक्ति पिष्टमय पदार्थांतून घेणारे सर्वांत दीर्घायुषी ठरले. त्याच्या दोहों बाजूंस धोका वाढत गेला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचें अर्धें म्हणणें खरें आहे. आपल्या ताटांत भात, साखर व मैदा यांची गर्दी झाली आहे, आणि ती कमी केलीच पाहिजे. चूक आहे ती रिकाम्या झालेल्या जागीं काय आणून बसवावें यासंबंधीं.

शेवटीं एक घरची गोष्ट सांगतों. ती सांगावयास मला संकोच वाटतो, पण न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया होऊन केमोथेरपी सुरू झाली. त्या सुमारास एक छापील कागद माझ्या हातीं आला. त्यांत धान्य, फळें व दूध बंद केल्यास रोग उपाशी मरतो असें लिहिलें होतें. तो कागद वहिनींना वाचून दाखविणारा मीच होतों. मास्तर सांगतात तें खरेंच असणार म्हणून त्या माउलीनें भाकरी, भात, केळें सर्व सोडलें. दोन महिन्यांत त्या इतक्या खंगल्या कीं पुढचा डोस लांबणीवर टाकावा लागला. डॉक्टरांनीं मला बाजूस घेऊन विचारलें, "रोगाशीं लढावयाचें कोणीं? गांठीनें कीं यांनीं?" त्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याच रात्रीं वहिनींना ज्वारीची भाकरी दुधांत कुस्करून भरविली. आज त्या बऱ्या आहेत, आणि मला त्यांनीं कधीं एका शब्दानेंहि बोल लावला नाहीं. तेंच अधिक बोंचतें.

म्हणून माझें सांगणें एवढेंच. निरोगी माणसानें साखर, मैदा व गोड पेयें खुशाल सोडावीं, भात बेतानें घ्यावा, आणि मोकळी झालेली जागा डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे व भाकरी यांनीं भरावी. केवळ मांसानें भरूं नये. जो रोगानें अंथरुणास खिळला आहे त्याच्या ताटांतील एकहि पदार्थ डॉक्टरांस विचारल्यावांचून काढूं नये. मग सांगणारा घरचा वडीलधारा असो किंवा शाळेचा मास्तर असो.

माझा विद्यार्थी पुन्हां येईल तेव्हां भाकरी त्याच्यापुढें पुन्हां ठेवणार आहें. आग्रह करणार नाहीं. हा इतिहास मात्र सांगणार आहें. इतकें बोलून आपली रजा घेतों.